दोन मण तांबं आणि शापित तळं

एका राज्यात एक तळं होतं, आणि त्या तळ्यावर धूम्रकेश मांत्रिकाचा शाप होता. नावाड्यांनी त्याच्या दाढीची थट्टा केली, एवढंच निमित्त. त्याने काठावर दोन मण तांब्याचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "आजपासून या पाण्यावर लाकूड तरणार नाही, माणूस तरणार नाही. हे तांबं तरंगत बेटाला लागेल, तेव्हाच शाप सुटेल. संधी तीन."

त्या क्षणी साऱ्या नावा तळाशी गेल्या. बेटावर फुलं वेचायला गेलेल्या दोन मैत्रिणी तिथेच अडकल्या. एक राजकन्या, दुसरी हिराजी तांबटाची लवंगा. त्यांचे पाय दगडाचे झाले, आणि रोज चार बोटं दगड वर चढू लागला.

पहिली संधी राजाने घेतली. गोळ्याला हळदकुंकू वाहिलं, मंत्र म्हटले, पाण्यात सोडला. डुबुक! गोळा बुडाला आणि शापाच्या नेमाने पुन्हा काठावर येऊन बसला.

दुसरी हिराजीने घेतली. त्याने गोळा ठोकून हंडा घडवला, बोटभर जाडीचा. अंगठ्याने दबेल ते भांडं आपलं नव्हे, अशी त्याच्या घराण्याची रीतच होती. राजा म्हणाला, "वा, काय घाट!" हंडाही बुडाला, आणि परत आला.

हिराजी कपाळाला हात लावून बसला. फांदीवरचा खंड्या पक्षी बोलला, "हिराजी, हंडा का बुडाला?"

"जड म्हणून."

"राजाची नाव त्याच्या दसपट जड होती. ती कशी तरायची?"

"ती लाकडाची."

"लाकूड काय पाण्याचा जावई आहे? जेवढं पाणी बाजूला साराल, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं ते तुम्हाला उचलून धरतं. जड असून थोडी जागा घेतली, की बुडलात." एवढं सांगून खंड्या मासा पकडायला गेला.

हिराजीची बायको रुपाई हे ऐकत होती. तिने घरातली तांब्याची वाटी घंगाळात सोडली. तरली. मग तीच वाटी हातोड्याने चेपून तिचा गोळा केला. बुडाला.

"तांबं तेच, अहो. जागा गेली. हंडा पसरा आता."

"पसरला तर पातळ होईल. घराण्याची अब्रू जाईल, रुपे."

"तुमची अब्रू तिकडे बेटावर उभी आहे. छातीला आलाय दगड. उचला हातोडा!"

तीन दिवस भट्टी विझली नाही. रुपाईने भाता ओढला, हिराजीने घाव घातले. दर घावाला तांबं पातळ होई आणि हिराजी तोंड वाकडं करी. शेवटी दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी कढई झाली. त्याने हळूच काठ अंगठ्याने दाबून पाहिला. दबला. त्याने डोळे मिटून घेतले.

कढई पाण्यात सोडली. ती खाली गेली, खाली गेली, आणि थांबली. हिराजी आत बसला. आणखी चार बोटं खाली गेली. पुन्हा थांबली. तांब्याच्या पळीने पाणी मागे सारत तो निघाला.

दगड मुलींच्या गळ्याला लागला होता. लवंगा कशीबशी बोलली, "बाबा, उभे राहू नका हं! उलटेल ती!"

कढई बेटाला लागली. ठण्ण! दगड ओल्या मातीसारखा ओघळून गेला. धूम्रकेश होता तिथे मूठभर राख उरली. तळाच्या नावा एकेक करून वर आल्या, आणि नावाडी आपापली नाव ओळखून पाण्यात उड्या टाकू लागले. पहिल्या नावेत राजा चढला. त्याच्याही आधी रुपाई चढली.

राजाला राजकन्या मिळाली, पाण्याला वाट मिळाली, राज्याची घडी बसली. रुपाईने मात्र लवंगाला काठावर बसवलं आणि तिच्या पायांवरचा चिखल धुवायला घेतला. बोटांच्या बेचक्यात हात गेला तशी लवंगा खुदकन हसली.

"आई, पुरे! गुदगुल्या होतात."

रुपाईने तो पाय पुन्हा धुतला.