भिंतीतलं करडाचं पाऊल

फार वर्षांपूर्वी खडकओहळ गावात इतकी पोरं होती, की संक्रांतीच्या बोरन्हाणाला रानातली बोरं पुरत नसत. पुढे पुढे बोरं उरू लागली. खालच्या आळीत तर पाळणे माळ्यावर गेले आणि त्यांत चिमण्यांनी घरटी केली.

गावात बयजाआजी कुंभारीण होती. बारशाच्या दिवशी ती तान्ह्याचं पाऊल कच्च्या विटेवर उमटवून घेई, वीट भाजी आणि आपल्या घराच्या भिंतीत बसवी. वरच्या आळीची एक ओळ, खालच्या आळीची दुसरी. मूल दगावलं, तर त्याच्या पावलाला ती काजळी फासत असे. पण आधी मूल जातं की आधी पाऊल काळं होतं, हे कोणी पाहिलं होतं? मोजलेलं टिकत नाही, म्हातारी मोजते म्हणून पोरं सरतात, असं बायका कुजबुजू लागल्या. वरच्या आळीची पोरं कशी टिकतात? आजी त्याच आळीत राहते ना! उत्तर तयार होतं.

खालच्या आळीतल्या ठकूची दोन लेकरं गेली होती. तिसरी लेक झाली, तेव्हा हिला म्हातारीच्या हाती लागू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण वीट न द्यावी, तर म्हातारी चिडेल. मग ठकूनं घरीच कच्च्या विटेवर गोठ्यातल्या करडाचा पाय दाबला आणि वीट पदराखाली झाकून नेऊन दिली.

आजीनं ती उजेडात धरली. "दोनच बोटं हायती गं तुझ्या लेकीला."

आजीनं पुढे काही विचारलं नाही. वीट भाजली आणि ओळीत बसवली.

सव्वा महिन्यानं लेकीला जुलाब लागले, थेट आधीच्या दोघांसारखे. ठकू पेटली. पहार घेऊन ती भिंत फोडायला गेली, तर करडाचा खूर लालच्या लाल. काजळीचा ठिपका नाही. म्हातारीनं तर या पोरीचं पाऊलही पाहिलं नव्हतं. मग पोर का सुकत होती?

"फोड," आजी म्हणाली. "पर कुठनं फोडायची ते आधी बघ."

ठकूनं पाहिलं. वरच्या आळीची ओळ बहुतेक लाल होती. खालच्या आळीची अर्ध्यापर्यंत लाल आणि तिथून पुढे काळीच काळी.

"ही पहिली काळी वीट कोणत्या सालची?" ठकूनं विचारलं.

"मानाजी पाटलानं तुमच्या आळीला हीर खांदून दिली, त्या सालची. त्याच्या गोठ्याच्या अंगाला, गुरांचं मूत तिथंच मुरतंय. आमी वरच्या आळीची झऱ्याचं पितो. तू लेकीची गुटी कशात उगाळतीस?"

"मग बोलली का न्हाईस?"

"पाच सालं बोलतीया. पोरं खाणारीचं कोण ऐकतंय?"

ठकूचा विश्वास बसला असं नाही. पाटलावर संशय घ्यायला मन धजेना आणि म्हातारीवरचा सुटेना. पण लेकीचे डोळे खोल गेले होते. पहार तिथंच टाकून ती झऱ्यावर गेली. त्या दिवसापासून गुटी झऱ्याच्या पाण्यात, आपलं पिणंही तेच. असं म्हणतात, की ती घडा घेऊन परतताना तिच्या मागे धुळीत लहान ओल्या पावलांच्या दोन जोड्या उमटत. वळून बघायचा तिला धीर झाला नाही. एकविसाव्या दिवशी लेक हसली, आणि ठकू घड्याला मिठी मारून रडली.

मग एकेक बाई झऱ्यावर दिसू लागली. पाटील महिनाभर फुगून बसला. शेवटी त्याचीच गरोदर सून घडा घेऊन झऱ्यावर निघाली, तेव्हा त्यानं विहीर बुजवली. काही वर्षांनी बोरं पुन्हा कमी पडू लागली.

बयजाआजी गेली, त्या दिवशी भिंतीतली सगळी काजळी आपोआप धुऊन गेली, असं म्हणतात.

आजही खडकओहळात तान्ह्याचं पाऊल विटेवर घेतात. संक्रांतीला बायका भिंतीपुढे उभ्या राहतात आणि एखादी ओळ काळी पडते आहे का, ते बघतात. पण पहिलं हळदकुंकू लागतं ते करडाच्या खुराला. नवी सून विचारतेच, हा खूर कुणाचा?

"आमचा," म्हाताऱ्या सांगतात, आणि तिच्या हाती घडा देऊन तिला झऱ्यावर धाडतात.