कुलपातली बाई

“म्हणजे कुलूप न फोडता आणि किल्लीच्या भोकाला हात न लावता कपाट उघडायचं. जमेल का, एवढंच सांगा बाबा.”

दस्तगीरबाबा कंदिलाची काच राखेनं पुसत होते. त्यांनी वर न बघताच मान हलवली.

“जमंल की.”

देवकाते गुरुजींचा जीव भांड्यात पडला. माळाचा चढ ते धापा टाकत चढून आले होते.

“मग चला लगेच. उद्या दहाला समिती येतेय.”

“उद्या?” बाबांनी काच उजेडाकडं धरली. “उद्या न्हाई जमायचं.”

“मग कधी?”

“ते मला ठावं न्हाई.”

दस्तगीरबाबा माळावरच्या पिरापाशी राहणारे फकीर. पण कफनी घालण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी आठवडी बाजारात पोतं अंथरून कुलपं दुरुस्त केली होती. त्यामुळे कुसुंबळ्याची माणसं त्यांच्याकडं दोन कारणांनी जात. कुणाचं मन लागत नसलं तर, नाहीतर कुणाचं कुलूप लागत नसलं तर.

गुरुजी दुसऱ्या कारणानं आले होते. पहिल्याची आपल्याला कधी गरज पडेल, असं त्यांना वाटत नव्हतं.

“बसा,” बाबा म्हणाले. “पयल्यापासनं सांगा.”

आपल्या उपक्रमाविषयी थोडक्यात सांगणं गुरुजींना जमत नसे. शाळा प्राथमिक, मुलं चौतीस, खोल्या दोन. पण ‘मधमाशी वाचवा’ उपक्रम असा, की तालुक्यानं बघत राहावं. मुलांनी रिकाम्या डब्यांत बांबूच्या नळ्या बसवून मधमाश्यांसाठी चौतीस घरं केली होती. घरांना पिवळाधमक ऑइलपेंट, प्रत्येकावर मुलाचं नाव, आणि सगळी ओळीनं करंजाच्या झाडाला टांगलेली. वाफ्यात झेंडू, सब्जा, गुलाब. स्नेहसंमेलनात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कपडे घालून नाच. रोज प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा, तीही गुरुजींनी स्वतः लिहिलेली. आणि या सगळ्याची एकशे बारा पानांची फाईल, फोटोंसकट, सह्यांसकट.

“अशी फाईल जिल्ह्यात नाही बाबा. पहिला क्रमांक आपलाच. प्रमाणपत्रासाठी मी भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.”

“आनि माश्या?”

“कसल्या?”

“मधाच्या.”

गुरुजी जरा अडखळले.

“घरांत अजून आल्या नाहीत... पण समिती फाईल बघते ना.”

बाबा काच पुसत राहिले.

“मग शिवरात्रीला जोडून तीन दिवस सुट्टी आली,” गुरुजी म्हणाले. “आज शाळा उघडली, तर गुलाबाची पानं कातरलेली. गुंडीच्या मापानं कापावीत तशी गोल. मी तिसरीचा अख्खा वर्ग उभा केला. कुणी कबूल होईना.”

“आनि?”

“शेवटी ती पूर्वा खरात ओरडली, गुरुजी, चोर गावला! बघतो तर एक रानटी माशी, मधमाशीसारखीच. पोटाशी पानाचा तुकडा धरलेला, तिच्याहून मोठा. फुटक्या काचेतून आत आली आणि सरळ कपाटाच्या कुलपात शिरली. जुनं सागवानी कपाट आहे, भोकात बोट जाईल एवढं मोठं कुलूप. तिथं पानांचं घर बांधतेय ती. आणि फाईल त्या कपाटात.”

“किल्ली घातली का?”

“घालणारच होतो. पण पूर्वा आडवी आली. कपाटाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, गुरुजी, किल्ली घालू नका. आत बाई हाय.”

बाबा पोट धरून हसले. गुरुजी हसले नाहीत.

“मी रागावलो. तर बाकीची पोरंही तिच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं प्रतिज्ञा म्हणायला लागली. मधमाशीच्या घराला मी धक्का लावणार नाही...”

“कुणी शिकवली ही?”

गुरुजींनी माळाकडं पाहिलं.

“कुणी, मास्तर?”

“मीच.”

खाली गावात कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं.

बाबा उठले, खोपटात गेले आणि एक लोखंडी आकडा घेऊन आले. वीतभर तार, टोकाशी वाकवलेली, हाताळून काळी झालेली. त्यांनी ती गुरुजींच्या हातात ठेवली.

“ह्यो पार आत घालायचा. उजवीकडं वळवायचा. भोकात काय आसंल ते खरवडून निघतं आनि कुलूप उघडतं. अर्धा मिनिट लागंल.”

“पण... ती?”

“तुमी कुलपाचं इचारलं. मी कुलपाचं सांगितलं.”

“मी म्हणालो होतो, भोकाला हात न लावता.”

“तसंबी उघडतंय. पर दिवस लागत्यात.”

“किती दिवस?”

“सांगितलं न्हवं? ठावं न्हाई.”

चाळीस वर्षांचा कारागीर, आणि म्हणे ठाऊक नाही. गुरुजींना राग आला. त्यांनी आकडा खिशात टाकला, नमस्कार केला न केला, आणि चढ उतरायला लागले.

सकाळी समिती आली. दोन साहेब आणि एक बाई.

मुलांनी स्वागतगीत म्हटलं. करंजाखाली साहेबांनी चौतीस घरांसोबत फोटो काढून घेतला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग मोठे साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

“फाईल?”

गुरुजी कपाटापाशी गेले.

आज पूर्वा आडवी आली नाही. समिती असताना जागचं कुणी हलायचं नाही, अशी सक्त ताकीद गुरुजींनीच सकाळी दिली होती. ती रांगेत मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. चौतीसही पोरं तशीच बसली होती आणि गुरुजींकडं बघत होती. ‘गुरुजी तसं करणार नाहीत’ ही खात्री त्यांच्या तोंडावर इतकी उघड दिसत होती, की गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी आकडा काढला. भोकापर्यंत नेला.

आतून बारीक आवाज येत होता. फार बारीक. कान लावला तरच ऐकू यावा असा...

गुरुजी वळले.

“साहेब, कपाट उघडता येणार नाही.”

“का? किल्ली हरवली?”

“नाही. किल्ली आहे.”

“मग?”

गुरुजींनी आकडा परत खिशात टाकला.

“आत बाई आहे.”

साहेबांनी चष्मा काढला.

“कपाटात?”

“कुलपात.”

साहेब काही बोलणार, एवढ्यात ती कुलपातून बाहेर आली आणि फुटक्या काचेतून निघून गेली. थोड्या वेळानं परतली, पोटाशी हिरवा तुकडा धरून. दोनदा अंदाज घेतला आणि आत शिरली.

समितीतल्या बाई खुर्चीवरून उठल्या. पदर खोचून कपाटापुढं उकिडव्या बसल्या, आणि आपण समिती आहोत हे दहा मिनिटं साफ विसरल्या.

साहेबांनी मात्र घड्याळ पाहिलं. त्यांचंही काही चुकलं म्हणता येत नाही. त्यांच्याकडं छापील तक्ता होता आणि तक्त्यात कुलपातल्या माशीसाठी रकाना नव्हता. ‘अभिलेख’ या शब्दापुढं त्यांनी ‘निरंक’ लिहिलं. खाली शेरा मारला, ‘खिडकीची काच तातडीने बसवावी.’

पहिला क्रमांक दुसऱ्या शाळेला गेला. दुसरा आणि तिसराही.

गुरुजींना वाईट वाटलं. फार वाटलं. दोन दिवस त्यांना भाकरी गोड लागली नाही. मुलांना त्यांनी काही कळू दिलं नाही, आणि मुलांना सगळं कळलं. तिसऱ्या दिवशी पूर्वानं आपल्या डब्यातला चिंचेचा गोळा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. कागदात बांधलेला, अर्धा खाल्लेला.

त्यानंतर देवकाते गुरुजी माळावर आले ते एकदम एप्रिलात. शाळा सकाळची झाली होती, ती सुटल्यावर भर उन्हात चढून आले. या वेळी धाप लागली होती ती घाईनं.

दस्तगीरबाबा सावलीत वाती वळत होते.

“बाबा, तुमचा आकडा.”

“लागला न्हाई व्हय?”

“नाही.”

“आनि बक्षीस?”

“नाही.” गुरुजी हसले. “त्या खिळ्याला हल्ली पूर्वाची पाण्याची बाटली असते.”

“मग आज एवढ्या उन्हाचं कशापायी आलासा?”

गुरुजी खाली बसले. काहीतरी सांगायचं होतं आणि कुठून सुरू करावं कळत नव्हतं. असं त्यांचं आयुष्यात फारसं झालं नव्हतं.

“बाबा... उघडलं.”

बाबांचे हात थांबले.

“कुणी उघडलं?”

“आतून उघडलं. आज सकाळी. प्रतिज्ञा चालू होती आणि पूर्वा मधेच थांबली. मी रागावणार होतो. तर तिनं नुसतं बोट दाखवलं. भोकाच्या तोंडाशी ती बाई पानाचं झाकण लावून गेली होती, वाळून तपकिरी झालेलं, ते हललं...”

“मग?”

“मग काही नाही. किती तरी वेळ काही नाही. मग झाकणाला बारीक भोक पडलं. मग एवढंसं तोंड.” गुरुजींनी करंगळीचं टोक दाखवलं. “ते बाहेर आलं. कडेवर बसलं. पाय पुसले, मिश्या पुसल्या. आमची पोरं बाबा, घंटा वाजली तरी टाळ्या वाजवतात. आज एकानं वाजवली नाही. एकजण खोकला दाबून लालबुंद झाला, पण खोकला नाही.”

“आनि ते?”

“उडालं. फुटक्या काचेतनं. ती काच मी अजून बसवली नाही.”

गुरुजी थांबले. मग हळूच म्हणाले,

“मी फोटो काढायचा विसरलो.”

हे सांगताना त्यांचा त्यांनाच अचंबा वाटला.

बाबांनी वात बाजूला ठेवली. पुढं सरकून, पोरानं विचारावं तसं विचारलं,

“किती दिवस लागलं, मास्तर?”

“झाकण लावल्यापासून त्रेचाळीस. पोरांनी भिंतीवर रेघा मारल्यात.”

“त्रेचाळीस...” बाबांनी शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. “आनि फाईल?”

“आतच आहे. आत अजून पिल्लं असतील म्हणते पूर्वा. तिनं सांगितल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही, असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“तिनंच.”

बाबांनी ती वाकलेली तार हातात घेतली. बोटांत फिरवली. टोकाशी काही चिकटलं आहे का, हे पाहावं तसं बराच वेळ पाहत राहिले.

“मास्तर, बाजारात लोक असली कुलपं लई घिऊन यायची. पानं भरल्याली. म्हणायची, माशीनं घाण क्येली, बघा.”

“मग तुम्ही काय करायचा?”

“खरवडायचो... अर्धा मिनिट.”

कडुलिंबाचा फुलोरा ओट्यावर गळत होता.

“चाळीस वरसं उघडली कुलपं,” बाबा म्हणाले. “एकाचीबी वाट बघितली न्हाई.”

मग त्यांनी तार ओट्याखाली टाकली, कफनी झटकली, काठी घेतली आणि गुरुजींच्या आधी उताराला लागले.

“अहो बाबा, कुठं निघालात?”

“शाळंत. पयलीत नाव घाला माझं.”