पितळेवरचा अंगठा

“पण बाबा, गेलेला डाग परत आणता येतो की नाही, तेवढंच सांगा ना!”

गोसावीबाबा काडीनं चिलीम कोरत होते. चिलीम कोरताना बाबा कुणाचं ऐकत नाहीत, असं खालच्या गावात म्हणत. खरं तर तेव्हाच ते नीट ऐकत.

दुपार कलली होती. टेकडीवरच्या त्या लहानशा मठीत धुनीचा धूर आणि समुद्रावरून चढत आलेलं धुकं एकमेकांत मिसळलं होतं. कुठला धूर आणि कुठलं धुकं, सांगता येऊ नये. सुजय मयेकरला क्षणभर वाटलं, आपल्याला डुलकी लागलीय आणि हे सगळं डुलकीतलंच आहे.

“डाग लोक घालवायला येतात रे,” बाबा शेवटी म्हणाले. “परत मागायला आलेला तूच पहिला. कशावरचा डाग?”

सुजयनं खिशातून एक मऊ फडकं काढलं आणि जपून उलगडलं. आत बोटभर उंचीची पितळेची नळी होती. इतकी लखलखीत की बाबांची अख्खी दाढी तिच्यात दिसली.

“अत्तराची कुपी?”

“ॲटमायझर, बाबा. तुमच्या चिलमीची शहरात वाढलेली धाकटी बहीण समजा. खाली बॅटरी. आत तार आपणच गुंडाळायची, कापूस आपणच भरायचा, वर अर्काचे चार थेंब. तार तापली की वाफ निघते. ती ओढायची.”

“म्हणजे विस्तव नाही?”

“नाही.”

“राखही नाही?”

“नाही.”

“अरेरे!” बाबा अगदी मनापासून हळहळले.

सुजयला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. पितळ चमकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठून कुठून हौशी लोक आपली ॲटमायझरं त्याच्याकडे पाठवत. आरसा हवा, आरसा. दुधाच्या सायीसारखी मऊ झाक हवी, ती घ्या. आजोबांच्या समईसारखा जुना काळपट रंग हवा, तोही एका रात्रीत. हातात कला होती आणि ती डोक्यातही गेली होती, उगाच खोटं कशाला बोला!

“दादाचं आहे हे,” तो म्हणाला. “माझा थोरला भाऊ, नंदू. बोटीवर होता. तिकडेच गेला... छातीत कळ आली म्हणाले. अग्नीही तिकडेच दिला. आमच्याकडे फक्त त्याची पेटी आली.”

बाबांची काडी थांबली.

“पेटीतलं आईनं काहीच घेतलं नाही. कपडे नाहीत, घड्याळ नाही. हे एवढं उचललं. तेव्हा ते मळकट होतं, खाऱ्या हवेनं काळवंडलेलं. आणि इथं, या हवेच्या भोकापाशी, एक गर्द डाग. दादाच्या अंगठ्याचा. ओढताना तो भोक अर्धं झाकायचा ना, वर्षानुवर्षं अंगठा तिथंच. आईनं त्या डागावर आपला अंगठा ठेवला आणि दिवसभर बसून राहिली. रडलीसुद्धा नाही.”

“बरं. मग?”

“मग ती झोपल्यावर... मी ते घासलं.”

धुनीत एक लाकूड खाली सरकलं.

“बाबा, माझ्या दादाची वस्तू अशी काळीकुट्ट मला बघवेना हो! म्हटलं, सोन्यासारखी करून आईच्या हातात ठेवू. जीव ओतला मी. इतकं सुंदर काम आयुष्यात कधी झालं नव्हतं माझ्या हातून.”

“आई काय म्हणाली?”

सुजयनं नळी बोटांत फिरवली.

“म्हणाली... हे कुणाचं रे?”

धुकं दारातून आत आलं आणि धुनीभोवती फिरून पुन्हा बाहेर गेलं. खाली कुठंतरी मच्छीमारांची एक लाँच भोंगा देत होती, पण ती दिसत नव्हती.

“म्हणून मी डाग करून बघितला,” सुजय पुन्हा सुरू झाला. आता त्याच्या आवाजात कारागीर बोलत होता. “व्हिनेगर, मीठ, नवसागराची वाफ. जुना फोटो समोर ठेवून. हुबेहूब उतरवला बाबा, दादा स्वतः फसला असता! आईनं हातसुद्धा लावला नाही. मी तो घासून टाकला. पुन्हा केला, जरा अजून गडद. पुन्हा तेच. आता ती माझ्याशी बोलते, नाही असं नाही. ‘जेवलास का’ म्हणते, ‘दार लावून घे’ म्हणते. पण माझ्या हातांकडे बघत नाही.”

त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते बाहीनं पुसले, आणि लगेच फडक्यानं नळीही पुसली. नळीला काहीही झालं नव्हतं.

“तुमच्याकडे एखादं भस्म असेल, मुळी असेल. पितळेबद्दल मला ठाऊक नाही असं काही असेल, असं वाटत नाही खरं... पण असलं तर द्या.”

“ओढून दाखव,” बाबा म्हणाले.

“अं?”

“तुझं यंत्र. बघू तरी धाकटी बहीण कशी चालते ते.”

सुजयनं खालचं बटण दाबलं. तार आत चुरचुरली. पांढरी वाफ धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. त्यानं नळी खाली घेतली, उजेडात धरली, आणि फडक्यानं कडेकडेनं पुसून पुन्हा आरसा केला.

“ते फडकं दे बघू जरा.”

“कशाला? बाबा, ते खास पॉलिशचं आहे, साधं नाही...”

“दे रे.”

बाबांनी ते फडकं कमंडलूत बुडवलं. पिळलं. चिलमीच्या बुडाला गुंडाळून त्याची धूर गाळायची झकास छापी केली, तंबाखू भरून वर निखारा ठेवला आणि डोळे मिटून एक लांब झुरका घेतला. सुजय आ वासून बघत राहिला. त्या फडक्याला त्यानं आजवर साबणाचं पाणीदेखील लागू दिलं नव्हतं.

“चांगलं आहे हो फडकं,” धुरातून बाबांचा आवाज आला. “हं, आता तू पण ओढ. एकटा कशाला बसतोस!”

दोघं ओढत बसले. एकाचा धूर, एकाची वाफ. मठीच्या भिंती दिसेनाशा झाल्या. सुजयच्या मनातली घाई हळूहळू निवत गेली. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही.

“जेवतोस कुठल्या हातानं?” बाबांनी मध्येच विचारलं.

“उजव्या.”

“आणि घासतोस?”

“उजव्याच. का?”

“काही नाही. हे कुठल्या हातात आहे, ते बघत होतो.”

सुजयनं खाली पाहिलं.

नळी डाव्या हातात होती. तीन बोटं मागून वळलेली, करंगळीनं बुडाला टेकू दिलेला, आणि अंगठा त्या भोकावर, अर्धं झाकून.

“दादा डावखुरा होता,” तो म्हणाला.

“आणि तू?”

“मी नाही. पण मला त्यानंच शिकवलं ना... सुट्टीवर आला की पडवीत बसायचो आम्ही. तार कशी गुंडाळायची, कापूस किती भरायचा. मी आपला तो करायचा तसं...”

तो अंगठ्याकडे बघत राहिला.

त्याला पडवी दिसली. पायरीवर शेजारी कुणीतरी येऊन बसावं, तशी डावीकडे ऊब लागली. ‘अरे शहाण्या, पूर्ण झाकू नकोस, गुदमरेल ती!’ हे शब्द इतक्या जवळून आले की त्यानं मान वळवली. तिथं धुकं होतं. मग मात्र तो लहान पोरासारखा हुंदके देत रडला, आणि नळी तेवढी हातात तशीच घट्ट धरून ठेवली.

बाबा चिलीम ओढत राहिले. त्याला उगी म्हणाले नाहीत.

कधीतरी रडणं ओसरलं. सुजयनं नाक ओढलं, मूठ सैल केली, अंगठा उचलला.

आरशासारख्या पितळेवर, नेमक्या दादाच्या डागाच्या जागी, घामाचा एक ओलसर ठसा उमटला होता.

सवयीनं त्याचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. मग त्यानं शर्टाचं टोक धरलं आणि नळीकडे नेलं.

बाबांनी त्याचं मनगट पकडलं.

“अरे, अरे! पुसतोस काय... आईला द्यायचंय ना ते?”