केरबाचा मंत्र

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या पणजोबांनाही ती जुनी म्हणूनच कळली होती.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाला एक विचित्र रीत होती. आपल्या एखाद्या वस्तूवर कुणाचा डोळा आहे असं दिसलं, की त्याने हात लावायच्या आत ती त्याला देऊन टाकायची. "चोरी होऊ दिली तर समोरचा चोर ठरतो. ते पाप आपल्या दारात कशाला?" असं तिथले लोक म्हणत. बाहेरगावचे त्यांना वेडे समजत. पण त्या गावात चोरी म्हणून होत नसे.

गावात येसाबाई राहायची. तिचा नवरा तेलाचा घाणा चालवी आणि ती पेंड उचलता उचलता लोकांची दुखणी ऐके. पोर दचकलं, कुणाला विंचू चावला, की तिला बोलावणं यायचं. ती तेल चोळी, मंत्र म्हणे आणि माणूस शांत झोपी जाई. हा मंत्र तिला सासूने जवळ बसवून, डोक्यावर हात ठेवून दिला होता.

गावाबाहेरच्या पडक्या मठीत एक मांत्रिक येऊन राहिला. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव कळलं की आपल्यावरही कुणी करणी करील, या भीतीने तो ते सांगतच नसे. दुसऱ्यावर उठसूट करणी करणाऱ्याला धाक असतो तो करणीचाच! आधी गुपचूप माणसाला आजारी पाडायचं आणि मग आपणच उतारा द्यायचा, हा त्याचा धंदा. इतर गावांत तो जोरात चालला. इथे मात्र सगळे उठून येसाबाईकडे जात आणि मठीकडे चिटपाखरूही फिरकत नसे.

मांत्रिकाचा जळफळाट झाला. पौर्णिमेला त्याने येसाबाईचं नाव घेऊन मंत्र टाकला: तिची वाचा जावी, म्हणजे तिचा मंत्रही जाईल.

आता त्या काळ्या विद्येचे दोन नियम होते. एक, ज्याच्यावर करणी करायची त्याची वस्तू चोरून आणावी लागे. चोरीच्या वस्तूवरच ती बसे. आणि दुसरा, अमावास्येपर्यंत ती बसली नाही, तर टाकणाऱ्यावर उलटे.

पहिल्यांदा तो येसाबाईच्या पायाखालची माती चोरायला गेला. भर दुपारी उंबऱ्याशी वाकला, तोच ती बाहेर आली.

"माती पायजे व्हय? आरं, हितली नुसती धूळ हाय. थांब." तिने परसातली चांगली टोपलीभर माती त्याच्या डोक्यावर दिली. मांत्रिक मान अवघडेपर्यंत ती वाहत मठीत गेला.

चार दिवसांनी तो तिच्या फणीतले केस न्यायला आला. कोनाड्याकडे हात जातो न जातो तोच येसाबाई म्हणाली, "घे की बाबा, सगळं घे. आन् हे वाटीभर तेलबी ने. तुझ्या डोक्याचा पाक खराटा झालाय."

मग त्याने तिच्या ताटातली उष्टी भाकरी उचलायचं ठरवलं. ती पाणी प्यायला वळली आणि हा पुढे सरकला. येसाबाईने वळून पाहिलं आणि ती रागावली. खरंच रागावली.

"उष्टं खातुयास? माझ्या घरात?" तिने त्याला पाटावर बसवलं आणि तव्यावरची भाकरी कारळ्याच्या चटणीसकट वाढली. दिलेल्या भाकरीवर करणी बसत नाही. पण भूक लागली होती, म्हणून त्याने ती खाल्ली, आणि दुसरीही मागून घेतली.

अमावास्येच्या सकाळी मांत्रिक उठला तो जीभ जड होऊनच. पाणी मागायला तोंड उघडलं तर शब्द अडखळले. करणी उलटू लागली होती. सूर्य मावळेपर्यंत वाचा कायमची जाणार, हे त्याला कळून चुकलं. तो धावत येसाबाईच्या दारी गेला आणि तोंडाशी हात नेऊन रडू लागला.

येसाबाईने त्याला बसवलं. "मला पैल्याच दिवशी कळलं हुतं. लिपायला माती नेणारा मानूस पाऊलखुना शोधत न्हाई."

"मग... अडवलं... का नाही?" त्याने कसंबसं विचारलं.

"अडवून काय केलं असतं? तू दुसरीकडं चोरी केली असतीस. आता नीट ऐक. करनी चोरीच्या वस्तूवर बसती. तुझ्यापाशी चोरीचं काय हाय, ते टाकून दे. मग तिला बसाया जागाच ऱ्हानार न्हाई."

मांत्रिकाने खूप विचार केला. अंगावरचं धोतर त्याचं स्वतःचं होतं, हातातला तांब्याही. मग त्याची मान खाली गेली. "विद्या," तो म्हणाला. "गुरूंनी मला ती... दिली नव्हती. मी कुडाआड लपून... ऐकली."

"मग ती देऊन टाक. पारावर चल, समद्यांम्होरं म्हन."

मांत्रिक शहारला. गुप्त मंत्र चारचौघांत म्हटला की मरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर लोक त्याला घाबरले ते त्या मंत्रामुळे. तो गेला तर त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

"मग मी... कोण उरीन?" त्याने विचारलं.

"भाकरी खानारा मानूस उरशील," येसाबाई म्हणाली. "परवा दोन खाल्ल्यास. बरा दिसत हुतास."

तो पारावर गेला. गाव जमलं. दिवस कलला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी डोळे मिटून, अडखळत त्याने मंत्र म्हटला:

"घुर्रम् घांगड, सात कवाड, बोलत्याची जीभ, गाठीत पाड!"

बायकांनी कानांवर हात ठेवले. म्हातारे दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात पुढे बसलेली एक चिमुरडी खुदकन हसली आणि ओरडली, "घुर्रम् घांगड!" तिच्यामागून दुसरीने म्हटलं, मग पोरांची सगळी फौज सुरू झाली. प्रत्येक वेळी मांत्रिकाची जीभ थोडी सैल होत गेली. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा तोही पोरांबरोबर घडाघडा म्हणत होता आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आवं, तुमचं नाव काय?" त्या चिमुरडीने विचारलं.

तो म्हणाला, "केरबा. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत. मला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून आईने केरात ठेवून उचललं होतं."

हे सांगताना त्याला आईची फार आठवण आली. तिने दिलेलं नाव त्याने इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं.

केरबा त्या गावातच राहिला. येसाबाईच्या घाण्यावर बैल हाकू लागला आणि चार महिन्यांत चांगला गुबगुबीत झाला. पुढे येसाबाईने त्याला जवळ बसवून, डोक्यावर हात ठेवून विंचवाचा मंत्र दिला. हा दिलेला मंत्र मात्र त्याला लगेच साधला.

आणि ती काळी विद्या? त्या गावातली मुलं लपाछपीत राज्य कुणावर ते अजून 'घुर्रम् घांगड' म्हणूनच ठरवतात. आजवर कुणाची वाचा गेलेली नाही. उलट, संध्याकाळी ती पोरं गप्प बसावीत म्हणून त्यांच्या आया देव पाण्यात ठेवून बसतात.

तात्पर्य : चोरून मिळवलेली शक्ती शेवटी चोरणाऱ्यालाच गिळते, आणि प्रेमाने दिलेली भाकरी वैऱ्यालाही माणूस करते.