मठात मात होत नसे

दोष अप्पाजींचा होता. विरूने तो त्यांच्या तोंडावर, भर ओसरीत सांगितला.

"डाव सोडून उठायला मला कुणी शिकवलं, अप्पाजी?"

ओसरीवरचे सगळे पट थांबले.

कृष्णाकाठचा तो लहानसा मठ. अप्पाजी त्याचे स्वामी आणि दुपारच्या बुद्धिबळाचे गुरूही. डाव जातोय असं दिसलं की खेळणाऱ्याने आपला राजा उचलायचा, कपाळाला लावायचा, पटावर आडवा ठेवायचा आणि हसतमुखाने उठायचं, हा तिथला रिवाज. त्या ओसरीवर मात कधी झालीच नाही. चिवटपणे बसून राहणं म्हणजे आसक्ती, असं अप्पाजी सांगत आणि म्हातारी मंडळी माना डोलवत. शेतातला वीतभर बांध भावाला न सोडणारी हीच मंडळी.

विरू यातच वाढला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष जड जायला लागलं तेव्हा अप्पाजीच म्हणाले होते, "सोडता आलं पाहिजे." त्याने कॉलेज सोडलं. दुसऱ्याने काय सोडावं हे मोठ्यांना फार लवकर सुचतं.

मग फक्त बुद्धिबळ उरलं. आणि काल सांगलीला राज्याच्या संघाची निवड होती.

शेवटच्या डावात समोर आफरीन नावाची नववीतली मुलगी. दोघांचा एकेक हत्ती राहिला, तिचं एक प्यादं जास्त. विरूने राजा कपाळाला लावला आणि आडवा ठेवला.

"दादा, का उठलात?" ती बावरून म्हणाली. "मी तर बरोबरी मागणार होते."

बरोबरी झाली असती तर संघातली जागा विरूची होती. ती आफरीनला गेली. परतीच्या एसटीत त्याने मांडीवर छोटा पट मांडला आणि मिरज यायच्या आत त्याला कळलं, पोरगी खरं बोलत होती, डाव बरोबरीचाच होता.

"हरलास. झालं," अप्पाजी शांतपणे म्हणाले. "आता स्पर्धाही सोड. वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात बस. मन शांत होईल."

"माझं मन शांत करू नका. खेळा."

"विरू..."

"कालचाच डाव. तिची बाजू मी घेतो. माझी तुम्ही घ्या."

"जीभ आवर पोरा," सातगोंडा पाटील खांबाला टेकल्या टेकल्या म्हणाले. "स्वामी हायत ते. तुझ्या वयाचे न्हाईत."

"तुम्ही नुसतं बघा काका. आजवर तेच केलंय."

पाटील खांब सोडून ताठ बसले.

विरूने मोहरी मांडली. अप्पाजींचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत. बस्स, एवढंच सैन्य.

अप्पाजींनी पट पाहिला.

"हा डाव गेलेला आहे."

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय."

"मलाही काल तसंच दिसलं. खेळा."

दोन-तीन खेळ्या झाल्या. अप्पाजींचा हात सवयीने राजाकडे गेला.

विरूने राजावर पालथा तळवा ठेवला.

ओसरीवर कुणीतरी "शिव शिव" म्हटलं. स्वामींचा हात आजवर कुणी अडवला नव्हता.

अप्पाजींनी हात मागे घेतला. मग त्यांनी हत्ती उचलला, तिसरी रांग सोडली आणि शह दिला.

उगाच दिलेला शह. विरूचा राजा त्याच मोकळ्या रांगेत शिरला आणि प्यादं त्याच्या आडोशाने पुढे सरकू लागलं.

प्याद्याचा वजीर झाला. अप्पाजींचा हात पुन्हा राजाकडे वळला.

"बसा," विरू म्हणाला.

अप्पाजी बसले. कपाळावरच्या भस्मात घामाची रेघ उतरली होती. त्यांनी राजा कोपऱ्याकडे नेला. मग अगदी कोपऱ्यात.

"मात."

अप्पाजी वाकले. राजाच्या आजूबाजूची घरं त्यांनी बोटाने एकेक करून तपासली. नवशिका पोरगा तपासतो तशी.

"आता हा कुठंच जात नाही," ते म्हणाले.

"नाही."

"असं असतं होय..."

पाटलांना राहवलं नाही. "झालं समाधान? गुरूला हरवलंस. जा, पेढे वाट."

"मी हरवायला आलो नव्हतो, काका."

विरूने तीच मोहरी पुन्हा मांडली आणि पट फिरवला.

"आता माझी बाजू मी घेतो. तुम्ही जिंका."

अप्पाजी खेळू लागले. विरूचा हत्ती तिसऱ्या रांगेत आडवा सरकत राहिला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. अप्पाजींच्या राजाला ती रांग ओलांडता येईना.

शेवटी त्यांनी प्यादं त्या रांगेत ढकललं.

त्याच क्षणी विरूचा हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि मागून शह दिला. राजा सरकला. पुन्हा शह. डावीकडे गेला, शह. पुढे गेला, शह. प्यादं पुढे निघून गेलं होतं, राजाला लपायला आडोसा उरला नव्हता.

"किती देशील?" अप्पाजींनी विचारलं.

"तुम्ही दमेपर्यंत."

अप्पाजींनी हात थांबवला. कुणी जिंकलं नव्हतं. कुणी उठलंही नव्हतं. दोन्ही राजे पटावर उभे होते आणि ओसरीवर बसलेल्यांना आता काय म्हणायचं असतं ते ठाऊक नव्हतं.

"ही बरोबरी," विरू म्हणाला. "काल माझ्या हातात होती. तुमच्या शिकवणीने मी ती टाकून आलो. आता पुन्हा सांगा... सोडू? सांगा ना. स्पर्धा सोडू?"

अप्पाजी पटाकडे पाहत राहिले.

"अप्पाजी, मी विचारतोय."

"ऐकलं मी."

"मग?"

अप्पाजींनी उभ्या राजावरून बोट फिरवलं. त्याला उचललं नाही.

"माझे बरोबरीचे किती डाव मी हरून उठलो, ते आता मला कधीच कळणार नाही."