दहा ढेपांचे महाराज

"चार मण ओला पाला दिला होता, एक मण परत आला. बाकीचा तीन मण कुठाय, नागोजी?"

कारभारी विसाजीपंतांनी हे विचारलं तेव्हा मी मडक्यात नाक खुपसून बसलो होतो. ते माझं कामच होतं. शिवरात्रीला महादेवाच्या देवळात जी थंडाई वाटतात, तिची भांग राजवाड्याच्या बागेतली, आणि ती वाळवायची मी. झुडपं कापून आणायची, अंधाऱ्या माळ्यावर दोरीला उलटी टांगायची. उन्हाचा कवडसा लागू द्यायचा नाही. काडी वाकली तर अजून ओली, कट्‌कन मोडली तर वाळली. मग पाला मडक्यांत भरायचा, आणि रोज सकाळी झाकण काढून आतली दमट हवा जाऊ द्यायची. गवताचा वास गेला, गोडसर वास आला, की पाला मुरला. नाक सोडलं तर माझ्यात दुसरा गुण नाही असं माझी बायको ठकू म्हणते. नाकाबद्दलही तिची फारशी खात्री नाही.

आता पंतांना एवढंच सांगायचं होतं, की वाळलं की घटतं. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला काय सुचलं? मी म्हणालो, "पंत, शपथेवर सांगतो, मी चोरला नाही."

तोवर चोरीचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

पंत कारभारावर नवे होते. त्यांनी मला तसंच महाराजांपुढे उभं केलं. गजेंद्रराव महाराज मनाचे मोठे आणि अंगानेही मोठे, पण एकदा बोलले की हत्ती लावूनही शब्द मागे हटायचा नाही. म्हणाले, "शिवरात्रीच्या आत हाच पाला वाळलेलाही हवा आणि चार मण भरायलाही हवा. नाही भरला तर तू चोर. माळ्याखालची खोली रिकामी करायची आणि वेशीबाहेर व्हायचं."

त्या खोलीत आमचं लग्न झाल्यापासूनचं बिऱ्हाड. मी घरी आलो तो रडतच. मात्र वाटेत मला एक नामी युक्ती सुचली होती, ती ठकूला ऐकवली. "रोज थोडं थोडं पाणी शिंपडू. वजन आपोआप वाढेल."

ठकू भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. "आणि मडक्यात बुरशी धरली की महादेवाला काय बुरशीची थंडाई पाजणार? आयुष्यभर पाला वाळवलात, अन् आता भिजवायला निघालात. अहो, तुम्ही फक्त वास घ्या. बोलायचं माझ्यावर सोडा."

मी सोडलं. तसं मी सगळंच तिच्यावर सोडतो.

शिवरात्रीच्या आधी महाराजांचा वाढदिवस आला. त्या दिवशी महाराजांची गूळतुला होते. एका पारड्यात महाराज, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि मग तो गूळ गावाला वाटतात. गेल्या साली दहा ढेपा लागल्या होत्या. यंदा आठव्या ढेपेलाच काटा सरळ झाला. वर्षभर वैद्य त्र्यंबकशास्त्रींनी महाराजांना मुगाच्या पाण्यावर ठेवलं होतं ना! दरबारात वाहवा झाली. महाराजांनी खूष होऊन शास्त्रीबुवांच्या हातात सोन्याचं कडं घातलं.

तेवढ्यात ठकू मला आणि मडक्यांना घेऊन पुढे झाली. म्हणजे मडकी मी उचलली होती, मला ती ढकलत होती.

पंतांनी लगेच एका पारड्यात चार मणांची वजनं ठेवली, दुसऱ्यात पाला ओतला. पारडं जागचं हललंसुद्धा नाही. मीच तेवढा हललो, तो ठकूच्या मागे.

"झालं," महाराज म्हणाले. "नागोजी, गाठोडं बांध."

"बांधू की," ठकू म्हणाली. "एकच विचारते, महाराज. ज्याच्या ताब्यात दिलेला माल घटला तो चोर, हा कायदा आमच्यापुरताच आहे, की सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!"

"तर मग आधी वैद्यबुवांना धरा. गेल्या साली त्यांच्या ताब्यात दहा ढेपांचे महाराज दिले होते. आज आठ ढेपांचे परत आलेत. दोन ढेपांचे महाराज कुठायत?"

शास्त्रीबुवांनी कडं हळूच बाहीत सरकवलं. माझ्या डोळ्यांपुढे तर वेस दिसायला लागली. पण पंतांना राहवलं नाही. ते तावातावाने पुढे आले. "बाई, जीभ आवर. महाराज घटले नाहीत. अंगातलं नको ते पाणी तेवढं गेलं. सत्त्व होतं तेवढंच आहे, उलट तेज वाढलंय."

"पंत, तुमच्या तोंडात साखर पडो," ठकू म्हणाली आणि पाल्याची एक मूठ उचलून त्यांच्या नाकाखाली धरली. "आमचे हे एवढंच सांगायला आले होते. यांना सांगता येत नाही, म्हणून तुम्ही सांगितलंत."

पंतांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि मान खाली घातली. महाराज आधी गालात हसले, मग उरलंसुरलं पोट गदगदा हलेपर्यंत हसले.

"नागोजीची खोली नागोजीलाच," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि आम्ही घटलो त्या दोन ढेपा ठकूबाईच्या घरी पोचवा. यापुढे दरसाल जेवढे घटू, तेवढा गूळ तिचा."

ठकूला गूळ आवडत नाही. मला आवडतो.

पुढल्या वर्षीच्या तुलेला मी मडकी घेऊन गेलो, तेव्हा महाराजांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची नजर माझ्या पोटावर येऊन थांबली.

"पंत," ते हसत म्हणाले, "याला तोलून बघा. आमच्या दोन ढेपा सापडल्या!"