कुठे जायचं ते सांगा

पूर्वी करंजावती नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका अरण्यातल्या जुन्या शिसवात वृक्षदेवता होऊन राहत होते. राज्यातले ते शेवटचे मोठे अरण्य. बाकीची रथांत, महालांत आणि राजाच्या हौसेत गेली होती.

राजाला शेजारच्या राज्यावर चाल करायची होती. त्यासाठी रथ हवे होते आणि चाकांसाठी शिसव हवे होते. "त्या अरण्यात कोणी राहत नाही ना?" त्याने विचारले. अमात्य पुष्करक म्हणाला, "कोणी नाही, महाराज. अगदी निर्जन आहे." अमात्य तिकडे कधी फिरकलाही नव्हता.

लाकूडतोड्यांची एक रीत होती. झाडाला हात लावण्यापूर्वी बुंध्याशी दिवा ठेवायचा, हात जोडायचे आणि म्हणायचे, "इथे जे कोणी राहत असेल त्याने दुसरीकडे जावे, आम्हाला दोष देऊ नये." मग थोडे थांबायचे आणि घाव घालायचा. उत्तर कधीच येत नसे. येत नसे म्हणूनच ही रीत इतकी वर्षे सुखाने चालली होती.

त्या सकाळी रानात दाट धुके होते. लाकूडतोड्यांचा नायक कंदरक याने दिवा ठेवला, नेहमीचे शब्द म्हटले आणि कुऱ्हाड उचलली.

"कुठे जाऊ?"

आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीतून घरच्याच कोणी बोलावे तसा होता, पण तो झाडातून आला. कंदरक घाबरून दुसऱ्या झाडाकडे गेला. तिथेही तोच प्रश्न. तिसऱ्याकडेही तोच. प्रत्येक झाडाचा आवाज वेगळा होता, आणि एक तर लहान मुलीचा होता.

"मागची रानं तोडलीत तेव्हा आम्ही सगळे इथे आलो," शिसवातून बोधिसत्त्व म्हणाले. "आता कुठे जायचं ते सांगा."

कंदरकाचा निरोप ऐकून राजा स्वतः आला. भ्याला होता, पण त्याला रथही हवेच होते. हात जोडून म्हणाला, "देवा, नगरात तुझ्यासाठी दगडी देऊळ बांधतो. रोज दुधाचा नैवेद्य दाखवतो. चल."

बोधिसत्त्वांना जाणे सोपे होते. पण झाड रिकामे झाले की रीत पुरी होणार होती आणि रीत पुरी झाली की कुऱ्हाड चालणार होती. म्हणून ते जागचे हलले नाहीत. "माझी सोय झाली, राजा. खाली राहतात त्यांचं काय?"

"खाली कोण राहतं?"

"मला विचारलंस, तसं त्यांनाही विचार."

राजाला वाटले, देवता आपल्याला खेळवते आहे. त्याने कंदरकाला घाव घालायला सांगितले. कंदरक म्हणाला, "राहत्या घरावर माझा हात चालणार नाही, महाराज." तेव्हा राजाने कुऱ्हाड हिसकावून घेतली.

"घाल घाव," बोधिसत्त्व म्हणाले. "मी तुला काही करणार नाही. पण निघणारही नाही."

राजाने कुऱ्हाड उगारली. तरी रीत मोडायची भीती होतीच, म्हणून तो ओरडला, "इथे जे कोणी राहत असेल त्याने..."

"आम्ही राहतो."

या वेळी झाड बोलले नव्हते. धुक्यातून राखाडी आकृत्या पुढे येत होत्या. म्हातारे, बाया, पोरे. कोणाच्याही पावलांचा आवाज नव्हता. सैनिक "भुतं, भुतं!" म्हणत ढाली टाकून मागे सरले. एक बाई मुलाला कडेवर घेऊन थेट कुऱ्हाडीखाली येऊन उभी राहिली.

"कोण तू? हडळ आहेस का?" राजाने विचारले.

"मी सामा, महाराज. माणूस आहे. डास चावतात म्हणून आम्ही राख फासतो. आमचं आधीचं रानही तुम्हीच तोडलंत. तेव्हा झाडांना विचारलंत, आम्हाला नाही."

सांगायला लाज वाटते, पण झाडातल्या देवतेवर राजाचा चटकन विश्वास बसला होता. ही माणसे आहेत यावर बसायला वेळ लागला. त्याने हळूच मुलाच्या पायाला बोट लावून पाहिले. पाय गरम होता.

राजाच्या हातून कुऱ्हाड गळाली. "हे तूच का नाही सांगितलंस?" त्याने झाडाला विचारले.

"त्यांना तोंड आहे, राजा. मी सांगितलं असतं तर तू पुन्हा मलाच नमस्कार करून गेला असतास."

रथ झाले नाहीत आणि लढाईही झाली नाही. राजाने शेजाऱ्याकडे सलोख्याचा निरोप धाडला, आणि ते रान सामाच्या लोकांचे आहे असा शब्द सर्वांदेखत दिला. अमात्याला मात्र त्या निर्जन अरण्यात दारोदार जाऊन माफी मागावी लागली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात ही कथा सांगितली आणि मग कोण कोण होते ते उलगडले. "तेव्हाचा कंदरक म्हणजे हा भिक्खू सुमनक. दृढवर्मा म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी उत्पलक. वृक्षदेवता मीच होतो."

"आणि सामा, भगवन्?" उत्पलकाने विचारले.

"ती सकाळपासून दाराबाहेर उभी आहे. हा विहार उभा आहे, त्या जागी तिचं घर होतं."

उत्पलक उठला, अनवाणी दाराकडे गेला आणि बाहेरच्या बाईला आत या म्हणाला.

"आधी तिचं ऐकून घ्या," शास्ता म्हणाले. "करुणेची परिपूर्णता म्हणतात ती हीच."